शनिवारची वेणी-तपासणी

शाळेच्या गेटवर दर शनिवारी सकाळी मी तीन वस्तू घेऊन उभी राहायचे. खोबरेल तेलाची बाटली, बारीक दातांचा काळा कंगवा आणि काळ्या रिबिनीचं रीळ. तेव्हा तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. आठवडा शनिवारी उघडायचा, आणि शारजातल्या आमच्या शाळेत तो मुलींच्या डोक्यापासून उघडायचा. नियम छापील होता. पाचवीच्या पुढच्या मुलींनी केसांना तेल लावावं, मधोमध भांग पाडावा, दोन वेण्या घालून त्या काळ्या रिबिनीनं वर बांधाव्यात. डोक्याला स्कार्फ बांधणाऱ्या आणि आखूड केसांच्या मुलींना माफी. बाकी जिच्या दोन वेण्या नसतील तिला सुपरवायझर मॅडम रांगेतून बाजूला काढायच्या आणि मी तिथल्या तिथं तेल चोपडून वेण्या घालून द्यायचे. तरीही नाहीच जमलं तर मॅडम स्लिप लिहायच्या. तीन स्लिपा झाल्या की मोठ्या वर्गातल्या मुलीचं नाव बोर्डाच्या परीक्षेच्या यादीतून खलास.

वेणीवरून परीक्षा. हे लिहिताना अजून माझे दात आवळले जातात. पण तेव्हा आवळले जात नव्हते, हेही सांगायला पाहिजे. तेव्हा मला ते काम आवडायचं. अख्ख्या शाळेत आयाला कुणी विचारत नाही, पण शनिवारी मोठमोठ्या घरच्या पोरी माझ्यासमोर मान खाली घालून उभ्या राहायच्या. मी त्यांचे कान धरून डोकं सरळ करायचे. कोण सोडणार हो असलं सुख?

मी सांगली जिल्ह्यातली. आठवीत शाळा सुटली. शारजात आले ती एका पुण्याच्या कुटुंबात, त्यांची मुलगी सांभाळायला. साहेब कंपनीत मोठ्या जागेवर आणि वहिनी या शाळेत सुपरवायझर. होय, गेटवरच्या मॅडम म्हणजे आमच्या वहिनीच. घरी वहिनी, शाळेत मॅडम. त्यांनी मला काय नाही दिलं? मला टायफॉइड झाला तेव्हा स्वतः गाडी चालवून हॉस्पिटलात नेलं, रजा काढून उशाशी बसल्या. त्यांच्या मुलीच्या पाटीवर मला इंग्रजी अक्षरं शिकवली. मुलगी मोठी होऊन याच शाळेत वरच्या वर्गात गेली, आयाची गरज संपली, तेव्हा मला परत न पाठवता त्यांनी शाळेत चिकटवलं. व्हिसा शाळेनं घेतला, तोही त्यांच्या शब्दावर. माझा पासपोर्ट शाळेच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात असायचा. त्या कपाटासमोरून जाताना मी चपला न वाजवता जायचे. जणू कपाटाला माझी आठवण झाली तर ते मला घरी पाठवेल.

वरच्या वर्गांत तीन आफ्रिकन मुली होत्या. दोघी सुदानच्या बहिणी, एक नायजेरियाची. शाळेत भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो, अरब, सगळे होते. एरवी एकमेकांना पाण्यात बघायचे, पण या तिघींना नावं ठेवताना सगळ्यांचं जमायचं. पोरं हिंदीत ‘काली’ म्हणायची, आम्ही मराठी बायका आपसात ‘हबशिणी’. बायका म्हणजे मीसुद्धा. मी स्वतः सावळी, गावात मला कोळशाची वखार म्हणायचे, आणि इथं येऊन मीही तेच तोंड उघडलं. आम्हाला वाटायचं त्यांना काय कळतंय! सुदानच्या बहिणींना खरंच कळत नसावं. पण नायजेरियाची पोर शारजातच वाढलेली. तिची हिंदी माझ्यापेक्षा साफ होती. एक दिवस बसमध्ये मी शेजारच्या बाईला तिच्याबद्दल काहीतरी बोलले, तर ती मागं वळून म्हणाली, “आंटी, मेरे को बोलना है तो मेरे को बोलो ना. इधर ही बैठी हूं.” माझं तोंड इवलंसं झालं. ती मात्र हसत होती. हसली की आधी समोरच्याचे दात बघायची. तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. माझी डावी दाढ दोन वर्षांत जाणार, असं तिनं मला बसमध्येच सांगून टाकलं होतं. आणि ती गेलीही.

सुदानच्या बहिणी पांढरा स्कार्फ बांधायच्या, त्यामुळे त्या सुटायच्या. ही सापडायची. हिची आई नर्स होती. शुक्रवारी तिला ड्यूटी नसली की ती पोरीला गुडघ्यांत धरून बसायची आणि कपाळापासून मानेपर्यंत डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालायची, शेतात नांगराची तासं ओढावीत तशा सरळ. पाच तास लागायचे. मागं सगळ्या एकत्र करून काळी रिबीन बांधलेली. तिच्या डोक्यावर इतरांपेक्षा जास्त वेण्या होत्या, जास्त टापटीप होत्या, दोन आठवडे हलायच्या नाहीत. पण त्या दोन नव्हत्या.

पहिली स्लिप वर्षाच्या सुरुवातीलाच मिळाली. दुसरी दिवाळीनंतर. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, “मॅडम, माय मदर डिड इट यस्टरडे. फाइव्ह अवर्स.”

वहिनी म्हणाल्या, “फाइव्ह अवर्स? अँड शी कुडंट काउंट टू टू?”

रांगेतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. मलाही हसू आलं. त्या हसण्यासाठी मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

त्यानंतर दर शनिवारी वहिनी तिला तिसऱ्या स्लिपची धमकी देऊन आत सोडायच्या आणि पहिल्या तासाला ती सिकरूममध्ये यायची. सिकरूम माझ्याकडंच असायची. पोटात दुखतंय म्हणायची. मी ओवा द्यायचे, पाणी द्यायचे आणि वर म्हणायचे, “बस हो गया ड्रामा. यल्ला, क्लास में जा.” एकदा तिनं ओवा चावता चावता विचारलं, “आंटी, सॅटरडे को ही क्यूं दुखता है, पता है?” मी म्हटलं, “शुक्रवारी बाहेरचं खात असशील.” वर्गात ठोंब्या पोराकडं मास्तर बघतो तसं तिनं माझ्याकडं बघितलं. आणि उठून गेली.

जानेवारीत परीक्षेचे फॉर्म आले. पेपर इंग्लंडहून यायचे, फॉर्म तिकडं जायचे, प्रत्येक फॉर्मवर फोटो. बुधवारी फोटोग्राफर शाळेत येणार होता. सकाळी वहिनी सिकरूममध्ये आल्या. मागं ती पोर.

“हे बघ,” वहिनी मराठीत म्हणाल्या, “असल्या अवतारातला फोटो मी पाठवणार नाही. शाळेचं नाव आहे त्यावर. तू हिला दोन वेण्या घालून दे. तुझा हात चांगला आहे.”

माझा हात चांगला आहे! मी फुगले. अर्ध्या तासाचं काम, म्हटलं.

पोरीनं स्टुलावर बसताना दोन्ही हात डोक्यावर धरले. “आंटी, मत खोलो ना. मम्मी ने इसी फ्रायडे को किया.”

“अरे बेटा, मैं सुंदर बनाके देगी. तेरे भले का है.”

तेरे भले का. हे वाक्य आपण पोरींना किती सहज म्हणतो. मलाही असंच म्हटलं गेलं होतं.

नुसतं सोडायलाच दोन तास गेले. केस सुटले आणि डोक्याभोवती उभे राहिले, दाट, मऊ. मी उगाच दचकले. मग मला सुचलं तेच, जे माझ्या आईनं, तिच्या आईनं, गावातल्या प्रत्येक बाईनं केलं असतं. ओंजळभर तेल ओतलं. कोरड्या केसांवर तेल ओतून, बारीक कंगवा मुळाशी रोवला आणि खाली ओढला. कंगवा अडला. मी आणखी जोर लावला. आपल्या केसांतला गुंता असाच काढतात ना, मुळापासून, पाय रोवून. कंगव्याचे दात मोडले. मोडलेल्या दातांबरोबर केसांचे पुंजके आले. तिनं स्टुलाची कड घट्ट धरली होती. ती ओरडली असती तर मी थांबले असते का? मला नाही वाटत. मी तोंडानं “हो गया, हो गया,” म्हणत राहिले. झालं काहीच नव्हतं. शेवटी दोन आखूड गाठोडी कानांवर आडवी उभी राहिली, तेलावरून रिबीन घसरत राहिली, आणि कपाळावरून तेलाचा ओघळ तिच्या पांढऱ्या कॉलरवर उतरला.

लायब्ररीत सगळ्या वर्गाची रांग लागलेली. ही दारात गेली आणि हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, “तेल में तली है क्या?” वहिनींनी मान वर केली आणि मला म्हणाल्या, “अगं, हे काय करून ठेवलंस? यापेक्षा आधीचं बरं होतं.”

मग त्यांनी स्लिपांचं पॅड पुढं ओढलं. मला वाटलं, माझ्याबद्दल लिहितायत. त्यांनी पोरीचं नाव लिहिलं. केस अव्यवस्थित. तिसरी.

मी तिथंच होते. हातात मोडका कंगवा होता. ‘हे मी केलं’ एवढे तीन शब्द होते. तोंडातून एक निघाला नाही. पोरगी फोटो न काढता गेली. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी ती आली नाही. रविवारी नाही. सकाळ-दुपार बसवर मुलं चढवायचं-उतरवायचं कामही माझंच होतं, त्यामुळे तिची बिल्डिंग मला माहीत होती, रोला चौकाजवळची. बस थांबायची, हॉर्न वाजायचा, कुणी उतरायचं नाही. सोमवारी ड्रायव्हर म्हणाला, “खलास आपा, वो नहीं आएगी अब. चलो.”

त्याच दिवशी स्टाफरूममध्ये चहा देताना मी वहिनींचं बोलणं ऐकलं. दुसऱ्या एका टीचरला सांगत होत्या, “यांच्यात असंच असतं गं. मुलींना शिकवायचंच नसतं. बघ, वर्षभरात लग्न करून मोकळे होतील.”

आई नर्स असलेल्या पोरीबद्दल! दातांची डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या पोरीबद्दल! मी ट्रे टेबलावर जोरात ठेवला, चहा बशीत सांडला. “नीट गं,” वहिनी म्हणाल्या.

मी आठवीत घरी बसले तेव्हा माझ्याबद्दलही असंच बोलले असतील. यांच्यात मुलींना शिकवत नाहीत. खरं काय होतं? आई आजारी होती, आणि वडील म्हणाले होते, आठ दिवस घरी थांब. आठच दिवस. नवव्या दिवशी मी दप्तर भरून उंबऱ्यावर बसले. आमचे गुरुजी रोज सायकलवरून आमच्या दारावरून जायचे. त्या दिवशीही गेले. घंटी वाजवली, कारण कोंबडी आडवी आली होती. मला वाटलं मला बोलावतायत, म्हणून मी उठले. ते पुढं गेले. नुसतं ‘का गं, येत नाहीस?’ एवढं विचारलं असतं, तर वडिलांना लाज वाटली असती आणि मी गेले असते. कुणी विचारलं नाही. महिना झाला, वर्ष झालं, मग विचारायला काही उरलंच नाही. तीस मुलांच्या हजेरीत एक नाव कमी झालं, तेवढाच काय तो गुरुजींना आराम.

त्या दुपारी शेवटची मुलं उतरवून मी रोलाला बस सोडली आणि तिची बिल्डिंग चढले.

आईनं दार उघडलं. ड्यूटीवरून नुकतीच आलेली, पांढरा ड्रेस, पायात अजून मोजे. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, “यू आर द वुमन विथ द कोम.”

कंगवेवाली बाई. एवढं इंग्रजी मला कळत होतं. मी मान हलवली. मला वाटलं आता दार तोंडावर आपटेल. तिनं ते पुरतं उघडलं आणि बाजूला झाली.

पोर आत सतरंजीवर बसली होती, डोक्याला टॉवेल. आई बोलायला लागली ती थांबेना. पोर हिंदीत सांगत होती, मान वर न करता.

“मम्मी बोलती है, तुमने पूछा क्यूं नहीं. मम्मी बोलती है, किसी के भी सर को हाथ लगाने से पहले पूछते हैं. मम्मी बोलती है, पेशंट को भी पूछते हैं.” मग जरा थांबून, “मम्मी बोलती है, तुम्हारे हाथ काट देने चाहिए.”

मी आईकडं बघितलं.

“ये मम्मी ने नहीं बोला,” पोर म्हणाली. “ये मैंने बोला.”

मी सॉरी म्हटलं. आईनं हात झटकला, माशी हाकलावी तसा, आणि पोरीच्या डोक्यावरचा टॉवेल काढला. कानाच्या वर दिरहमच्या नाण्याएवढी जागा उघडी पडली होती. कातडी लाल, खपली धरलेली. “लुक,” ती म्हणाली. मी बघितलं. तिनं माझं बोट धरून त्या जागेजवळ नेलं. टेकवलं नाही.

मग तिनं एक कागद समोर टाकला. शाळेच्या ऑफिसातून आलेला. मला वाचता येईना, पोरीनं सांगितलं. आम्ही पालक आमच्या मर्जीनं मुलीचं नाव परीक्षेतून मागं घेत आहोत. खाली सहीसाठी रेघ. बुधवारपर्यंत सही करून पाठवायचा. फोनवर सांगितलं होतं, सही केली तर दाखल्यावर वागणूक चांगली लिहू. आईनं चार वेळा उलट फोन केला. मॅडम बिझी आहेत.

आमच्या मर्जीनं! म्हणजे स्लिपसुद्धा कुठं दिसायला नको. उद्या कुणी विचारलं तर सही आईचीच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथं, त्या सतरंजीवर. इतकी वर्षं मी त्या कपाटासमोरून चपला न वाजवता चालत होते आणि ही अशी कागदं त्याच कपाटाशेजारी टाइप होत होती.

आई पोरीमागं बुटक्या स्टुलावर बसली, शेजारी पाण्याचं भांडं घेतलं. आधी पाणी. मग त्यांच्याकडचं केसांना लावायचं पिवळट लोणी. मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून वर, चार बोटं, मग आणखी चार बोटं. माझ्या हातात एक बट दिली आणि म्हणाली, “होल्ड.” मी धरली. मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं की केस टोकाकडूनही विंचरता येतात.

अर्ध्या तासानं तिनं विचारलं, “हू टोल्ड यू टु डू इट?”

मी सांगितलं.

“उद्या हे प्रिन्सिपलसमोर सांगशील?” आईनं पोरीकरवी विचारलं.

मी म्हटलं, “मेरा व्हिसा उनका है.”

पोरीनं ते इंग्रजीत सांगितलं. आई हसली नाही. म्हणाली, “माझाही व्हिसाच आहे. इथं कुणाचा नाही?”

मंगळवारी सकाळी तिनं ड्यूटी बदलून घेतली. आम्ही तिघी प्रिन्सिपल सरांच्या खोलीबाहेर उभ्या राहिलो. वहिनी धावत आल्या. मला मराठीत म्हणाल्या, “तू इथं काय करतेस? जा, केजीची मुलं उतरतायत.” आणि आत जाऊन सरांना, “सर, शी इज ओन्ली द आया.”

सर दिल्लीकडचे, वयस्कर. त्यांनी हिंदीत विचारलं, “क्या बात है?”

बोलायचं ठरवून आले होते ते सगळं विसरले. मी पोरीचं डोकं दाखवून म्हटलं, “सर, ये मैंने किया. मॅडम ने बोला दो वेणी डालो, मैंने डाला. मेरे को ये बाल का कुछ मालूम नहीं था. इसकी मम्मी ने अच्छा डाला था, मैंने खराब किया. फिर स्लिप इसको मिला. मेरे को मिलना मंगता था.”

“सर, रूल इज रूल,” वहिनी म्हणाल्या. “लेट वन गो, टुमॉरो ऑल ऑफ देम विल कम विथ ओपन हेअर.”

मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. “सर, मॅडम की बेटी का बाल मैंने नौ साल बनाया. अभी उसका बाल इधर तक है,” मी खांद्याला हात लावला, “खुला रहता है, हेअरबँड लगाती है. तेल नहीं, वेणी नहीं. छोटा भी नहीं सर, कंधे तक है. उसको एक भी स्लिप नहीं.”

वहिनींचा चेहरा मी बघितला नाही. बघितला असता तर माफी मागितली असती.

आईनं पर्समधून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. त्याच बारीक वेण्यांतला, गेल्या महिन्यात पासपोर्टसाठी काढलेला. “विल धिस डू?” सरांनी चष्मा वर केला, फोटो उचलला, फॉर्मच्या चौकटीवर ठेवून बघितला.

“फेस दिखना चाहिए,” ते म्हणाले. “बस.”

चेहरा दिसला पाहिजे. बस! एवढंच लिहिलं होतं त्या फॉर्मवर. कुणी वाचलंच नव्हतं. दोन-तीन महिने पोटात दुखलं, डोक्याची कातडी गेली, आईनं चार-चार फोन केले, आणि फॉर्मला पाहिजे होता नुसता चेहरा. मला वाटलं टेबलावरचा पेपरवेट उचलून काचेवर मारावा.

सरांनी तिसऱ्या स्लिपवर ‘कॅन्सल्ड’ लिहिलं, सही केली, ते मर्जीचं पत्र घडी करून आपल्या खणात टाकलं. माफी कुणी मागितली नाही. नियमही बदलला नाही. ‘अशा विद्यार्थिनींना’ यंदापुरती सवलत, एवढी एक ओळ नोटीस बोर्डावर लागली. अशा विद्यार्थिनी! पोरगी ती ओळ वाचून म्हणाली, “इसमें मैं एक ही हूं. नाम ही लिख देते.”

वहिनींनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. डोळे लाल. “तुझ्यासाठी मी काय केलं नाही गं? माझ्या मुलीचं नाव घेतलंस? तिथं?”

“सगळं केलंत वहिनी,” मी म्हटलं. “तुम्ही सांगितलंत म्हणून तर विचार न करता तिच्या डोक्याला हात घातला.”

त्यांना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. मला आठवड्याभरात कळलं की जूननंतर माझा व्हिसा शाळा पुढं चालवणार नाही. पुढं मी अल ऐनला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला गेले, तिथंच राहिले. वहिनींना मी दिवाळीला फोन करते. उचलला तर बोलते. टायफॉइडमध्ये त्या उशाशी बसल्या होत्या, ते मी विसरू शकत नाही. ती स्लिपही विसरू शकत नाही. दोन्ही एकाच बाईनं केलं, आणि यातलं कुठलं खरं, असं मला कुणी विचारलं तर माझं डोकं फिरतं.

गेटवरून मला काढलं. तेल-कंगवा दुसऱ्या आयाकडं गेला. शनिवारी तपासणी चालूच राहिली. सिकरूमला मीच होते. त्या पोरीला आता ओवा लागत नसे, पण मधल्या सुट्टीत ती आणि सुदानच्या दोघी पुस्तकं घेऊन तिथं येऊन बसायच्या, कारण डायनिंग हॉलमध्ये त्यांच्या टेबलावर अजूनही कुणी बसत नव्हतं. मी दार लावून घ्यायचे आणि कुणी आलं तर ‘पेशंट आहे’ सांगायचे. त्या माझ्याशी फार बोलत नसत. गणिताची उजळणी करायच्या, चुकलं की एकमेकींना अरबी शिव्या द्यायच्या. सुदानची थोरली तिला जीवशास्त्रातलं विचारायची, ही तिला गणितातलं. मी पट्ट्या गुंडाळत बसायचे. आपल्याला आठवीनंतर काय शिकवणार होते, ते ऐकत.

मे महिन्यात परीक्षा आली. जीवशास्त्राचा पेपर मोठ्या हॉलमध्ये होता. दारावर मुलांच्या बाटल्या आणि पाउच तपासायला मला उभं केलं होतं. ती आली. ताज्या वेण्या, मागं रिबीन. कॉलर एका बाजूनं दुमडलेली. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात पुढं गेला, कॉलर सरळ करायला.

ती एक पाऊल मागं सरकली. “हाथ नहीं, आंटी.”

चिडून नव्हे. पाउच उघडून दाखवावा तसं साधं म्हणाली. तिनं स्वतःच कॉलर सरळ केली, पेनं दाखवली, आत गेली. मला राग आला का? आला. पण तिचा नाही. तिला असं म्हणायला शिकावं लागलं आणि ते माझ्याकडून शिकावं लागलं, याचा आला.

दार बंद झालं. मी बाहेर खुर्चीवर बसले. अर्ध्या तासानं कॉरिडॉरच्या टोकाकडून टाचांचा आवाज आला. वहिनी येत होत्या, हातात किल्ल्यांचा जुडगा, ऑफिसकडं निघालेल्या. फरशीवर टाचा वाजत होत्या, किल्ल्या वाजत होत्या. मी उठून त्यांच्या वाटेत उभी राहिले.

“मॅडम, हळू चाला,” मी म्हटलं. “आत पेपर चालू आहे.”